नोकरी सुटली, भत्ता सुरू झाला आणि कोर्सचं पत्र आलं

२०२४ मध्ये महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, आणि आमच्या गुहागर-चिपळूणकडेही जर्मनच्या क्लासची चौकशी सुरू झाली. मी त्याच राज्यात, स्टुटगार्टजवळ, बरीच वर्षं राहते. सुट्टीत पालशेतला आले की संध्याकाळी ओटीवर कोणी ना कोणी येऊन बसतं. कोणाचा मुलगा नुकताच गेलेला असतो, कोणाची सून नर्सिंग करून निघायच्या तयारीत असते. व्हिसा, खोलीचं भाडं, थंडी, सगळं विचारतात. नोकरी सुटली तर काय, हे मात्र कोणी विचारत नाही. जायच्या आधीच असं तोंडातून काढायचं कशाला, असं वाटत असणार. पण तिकडच्या वाहनउद्योगात सध्या कपात चालू आहे, कंत्राटी माणसांना आधी घरी बसवतात, आणि नवी मुलं बहुतेक कंत्राटीच असतात. म्हणून हे आधीच वाचून ठेवा.

आपल्याकडे बेकारी भत्ता म्हटलं की लोकांना फुकटचं खाणं वाटतं. कोकणातल्या घरांत हा सल जुना आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला आणि कितीतरी चाकरमानी ट्रंका घेऊन गावी परतले, ते पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. तेव्हा कोणी भत्ता दिला नव्हता. आखातात गेलेल्यांचंही तेच: काम सुटलं की परतीचं तिकीट. त्यामुळे काम नसताना सरकारी कार्यालयात नाव घालायचं म्हणजे कमीपणा, हे आपल्या मनात घट्ट बसलंय. जर्मनीत ते मनातून काढून टाका. तिथे तुमच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला बेकारी विम्याची कपात असते. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगारावर २.६ टक्के, त्यातले निम्मे तुमचे आणि निम्मे मालकाचे. भत्ता त्याच विम्यातून येतो. तुम्ही हप्ता भरलाय, आता विमा मागताय. इतकं सरळ आहे ते.

हिशेबही समजून घ्या. मागच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने हप्ते भरलेले असले तर हक्क मिळतो. आउसबिल्डुंग, म्हणजे पगार घेत काम शिकायचं प्रशिक्षण, करणाऱ्या मुलांचेही हप्ते जातात, तेव्हा ती वर्षं धरली जातात. हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण ६० टक्के भत्ता, मूल असेल तर ६७ टक्के. १२ महिने भरले असतील तर सहा महिने मिळतो, २४ महिने भरले असतील तर वर्षभर. आजारपणाच्या विम्याचे पैसे त्या काळात कार्यालय भरतं.

नोकरी जाणार असं कळलं की तीन दिवसांत आर्बाइट्सआगेन्टूरला, म्हणजे तिथल्या रोजगार कार्यालयाला, कळवायचं. करार ठरावीक मुदतीचा असेल तर तो संपायच्या तीन महिने आधी कळवायचं, मालक वाढवून देतो म्हणत असला तरी. उशीर झाला तर एक आठवड्याचा भत्ता जातो. मग बेकारीच्या पहिल्या दिवसापर्यंत वेगळी नोंद करायची. भत्ता त्या नोंदीपासूनच धरतात, मागचं काही देत नाहीत. आणि स्वतःहून राजीनामा देऊ नका, 'आपसात मिटवू' म्हणून पुढे केलेल्या कागदावर कोणाला विचारल्याशिवाय सही करू नका. सबळ कारणाशिवाय नोकरी सोडली तर १२ आठवडे भत्ता बंद. व्हिसा नोकरीवर असेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयालाही दोन आठवड्यांच्या आत कळवावं लागतं. हा विम्याचा भत्ता घेतल्याने व्हिसाला बाध येत नाही. करातून मिळणारी मूलभूत मदत निराळी, ती मागण्याआधी मात्र सल्ला घ्याच.

आता मुख्य गोष्ट. परवा वाडीतले एक काका आले. मुलगा तिकडे, काम सुटलेलं. त्याने वडिलांना एका पत्राचे फोटो पाठवले होते. "बाय, जरा बघ गो हे. तो म्हणतो जाहिरात हाय, सोडून दी." फोन माझ्या हातात दिला. पहिल्या पानावर एका प्रशिक्षण संस्थेचं नाव, पत्ता, सोमवारची तारीख, सकाळी आठची वेळ. दिसायला खरंच क्लासच्या जाहिरातीसारखं. पण वर कोपऱ्यात रोजगार कार्यालयातला मुलाचा ग्राहक क्रमांक होता, आणि दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत, ठळक मथळ्याखाली, गेला नाहीस तर काय होईल याचे चार परिच्छेद होते. त्या परिच्छेदांना 'रेख्ट्सफोल्गनबेलेरुंग' म्हणतात. हा शब्द ज्या पत्रावर असेल ते पत्र जाहिरात नसतं. तो रोजगार कार्यालयाचा आदेश असतो. मुलाला तिथूनच फोन लावला, आणि सोमवारी तो गेला.

अशा कोर्सला तिकडे सगळे 'मासनामे' म्हणतात. अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत कसं बोलायचं, हे शिकवणारे काही आठवड्यांचे वर्ग असतात. कधी एखाद्या कारखान्यात काही दिवस काम करून दाखवायचं असतं, ते एका मालकाकडे सहा आठवड्यांपर्यंत चालू शकतं. कधी संगणक, कधी फोर्कलिफ्टचं लायसन्स. भाषेचा वर्गही असाच लावतात. सबळ कारण नसताना नकार दिला किंवा मधेच सोडला तर 'श्पेर्त्साइट' लागते, म्हणजे भत्ता बंद: पहिल्यांदा तीन आठवडे, दुसऱ्यांदा सहा, तिसऱ्यांदा बारा. रोजगार कार्यालयातल्या तुमच्या सल्लागाराने बोलावलेल्या भेटीला गेला नाहीत तर एक आठवडा. हे बंद दिवस पुढे ढकलले जात नाहीत, तुमच्या एकूण हक्कातून वजा होतात. आणि सगळे मिळून २१ आठवडे झाले की उरलेला हक्कच संपतो.

हे वाचून घाबरून जाऊ नका, कारण या सगळ्यात एक मोठी फट तुमच्या बाजूने आहे, आणि आपली मुलं नेमकी तीच वापरत नाहीत. सल्लागार तुमच्यासाठी कोर्स ठरवतो तो तुम्ही काहीच मागितलं नाही म्हणून. आपल्याला शाळेपासून सवय आहे साहेबासमोर गप्प बसायची. तिथे गप्प बसलेल्या माणसाच्या नावावर जो वर्ग रिकामा असेल तो लागतो. पहिल्याच भेटीत तुम्ही सांगितलंत की मला अमुक शिकायचंय, या कारणासाठी शिकायचंय, आणि हे शिकलो तर या या ठिकाणी काम आहे, तर बोलणं तिथून पुढे सुरू होतं.

हे कसं करायचं ते नीट सांगते. भेटीआधी तुमच्या धंद्यातल्या नोकरीच्या पाच-सहा जाहिराती छापून घ्या. सगळ्यांत जे एक कौशल्य मागितलंय आणि तुमच्याकडे नाही, त्याच्याखाली रेघ मारा. लोटे एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यात काम केलेल्या मुलाला तिथे बहुतेक वेळा भाषाच कमी पडते, काम नाही. आयटीआय केलेल्या वेल्डरला हात आहे, पण तिथल्या मानकाप्रमाणे, आयएसओ ९६०६ ची परीक्षा दिलेला कागद नाही. मग तोच कोर्स कोणती संस्था देते, कधी सुरू होतो, किती दिवसांचा आहे, हे शोधून तो कागदही बरोबर न्या. संस्था आणि कोर्स दोन्ही मान्यताप्राप्त असले पाहिजेत, ते संस्थेला विचारलं की सांगतात. सल्लागाराला पटलं तर तो 'बिल्डुंग्सगुटशाइन' देतो, म्हणजे कोर्सच्या खर्चाची हमी. त्यात फी येते, जाण्यायेण्याचा खर्च येतो, मूल सांभाळायचा खर्चही येऊ शकतो. तो देणं न देणं त्याच्या हातात असतं, म्हणून तर जाहिराती न्यायच्या. नकार दिला तर नकार लेखी मागा.

असा मोठा कोर्स चालू असताना भत्ता चालू राहतो, आणि हक्काचे दिवस निम्म्याच वेगाने संपतात: कोर्सच्या दोन दिवसांना हक्काचा एक दिवस धरतात. म्हणजे सहा महिन्यांचा हक्क असलेल्या माणसाला शिकायला प्रत्यक्षात बराच जास्त वेळ मिळतो. हे ओटीवर सांगितलं तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. खरं आहे ते.

माझं स्वतःचं मत विचाराल तर पहिली मागणी भाषेची करा. जर्मनच्या पायऱ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत चढत जातात. बी-१ झालेलं असेल तर नोकरीसाठीचा बी-२ चा वर्ग बेकार माणसाला मोफत मिळतो, सल्लागाराने पात्रतेचं पत्र द्यावं लागतं, एवढंच. आपल्या नर्सिंगच्या मुलींना हे सांगावं लागत नाही, त्यांचं पदवी-मान्यतेचं गाडं भाषेवरच अडतं. पण कारखान्यातली मुलं 'काम येतं ना, मग बोलायचं कशाला' म्हणून तीन-तीन वर्षं बी-१ वर थांबलेली मी पाहिली आहेत. कपात आली की यादीत तीच पहिली असतात. फार वाईट वाटतं.

समजा मागूनही मिळालं नाही आणि पदरात अर्ज लिहायचा वर्ग पडला. जा. रोज जा, वेळेवर जा, हजेरीवर सही करा. वर्ग निकामी वाटला तरी तिथे संगणक असतो, छपाई असते आणि तुमचं जर्मन अर्जपत्र तपासून देणारा माणूस असतो. त्याच्याकडून ते नीट करून घ्या, तेवढं एकच काम झालं तरी पुरे. वर्ग तुमच्यासाठी चुकीचा आहे असं खरंच वाटत असेल, म्हणजे तुमची भाषा सी-१ आणि वर्ग ए-२ चा, तर सल्लागाराला लेखी कळवा, पण उत्तर येईपर्यंत जात राहा. आजारी पडलात तर त्याच दिवशी संस्थेला आणि कार्यालयाला, दोघांना कळवा आणि डॉक्टरकडून दाखला घ्या. मुलाखतीचं बोलावणं आलं तर ते पत्र दाखवून त्या दिवसाची सूट मागा, मिळते. तरीही भत्ता बंद झालाच तर पत्र मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत 'विडरश्प्रुख', म्हणजे लेखी हरकत, घेता येते. त्याला फी नाही. साधा ईमेल चालत नाही, सहीचं पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रावर परिणामांची सूचनाच नव्हती किंवा ती नीट दिलेली नव्हती, हा हरकतीचा मोठा मुद्दा असतो. म्हणून आलेली पत्रं पाकिटासकट जपून ठेवा.

आणि गणपती. हे मी हात जोडून सांगते. भत्ता घेत असताना न सांगता गावी यायचं नाही. वर्षातून तीन आठवड्यांपर्यंत बाहेर जाता येतं, पण आधी मंजुरी घेऊनच, आणि बेकारीच्या पहिल्या तीन महिन्यांत ती अगदी अपवादानेच मिळते. कोर्स चालू असेल तर कोर्सच्या सुट्ट्या तेवढ्याच तुमच्या. आधी मंजुरी, मग विमान, मग तुतारी नाहीतर मांडवी एक्सप्रेसचं तिकीट, हाच क्रम ठेवा. घरच्यांनीही समजून घ्यावं. "आता काम नाही ना, मग ये की महिनाभर" असं आई फोनवर म्हणते तेव्हा पोराला नाही म्हणवत नाही. तो येतो, इकडे आरत्या चालू असतात आणि तिकडे पत्रपेटीत सोमवारी आठ वाजताचं बोलावणं पडलेलं असतं.

वडीलधाऱ्यांना आणखी एक सांगायचंय. मुलगा कोर्सला जातो म्हणाला तर "तिशी आली, आता काय शाळा" असं म्हणू नका. तिकडे चाळिशीतली, पन्नाशीतली माणसं त्याच बाकावर बसलेली असतात, आणि त्यांना कोणी हसत नाही.

जे अजून निघायचे आहेत त्यांनी एक काम इथेच उरकावं. सल्लागार तुमच्याकडे कुशल कामगार म्हणून बघणार की मदतनीस म्हणून, हे तुमच्या कागदांवर ठरतं. कागद नसले की मदतनिसात नोंद होते, आणि मग कोर्सही तसलेच मिळतात. तेव्हा आयटीआयचं प्रमाणपत्र, सगळ्या गुणपत्रिका आणि अप्रेंटिसशिपचा दाखला आत्ताच मिळवा. कंपनीकडून अनुभवाचं पत्र घेताना "अमुक साली ते अमुक साली काम केले, वर्तणूक चांगली" एवढ्यावर समाधान मानू नका. कोणती यंत्रं चालवलीत, कोणती कामं स्वतंत्रपणे केलीत, हाताखाली किती माणसं होती, हे त्यात लिहून मागा. पत्र देणाऱ्या बाबूला वेळ नसेल तर मजकूर तुम्हीच टाइप करून न्या आणि कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्का घ्या. एकदा बाहेर गेल्यावर लोट्याला किंवा रत्नागिरीला त्या एका शिक्क्यासाठी भावाला चार खेपा घालाव्या लागतात, आणि मधल्या काळात तिकडची भेटीची तारीख निघून जाते.