सक्तीच्या मतदानाचा कायदा कसा तपासावा

सक्तीच्या मतदानाने लोकशाही सुधारते की बिघडते, याचे उत्तर ज्या-त्या कायद्याच्या कलमांत असते. म्हणून सक्ती नेमकी कशाची, हे आधी शोधा. मतदान गुप्त असते. कोऱ्या मतपत्रिकेची घडी करून ती कोणी पेटीत टाकली, तर कोणाला कळणार? प्रत्यक्षात सक्ती होते ती केंद्रावर येण्याची. घरी बसण्याचा हक्क मात्र खरोखर जातो, तो तोट्याच्या रकान्यात मांडाच.

मग मतदानाची टक्केवारी कशावर काढली ते बघा: नोंदलेल्या मतदारांवर की मतदानाच्या वयाच्या सर्व नागरिकांवर? नोंदणी ऐच्छिक ठेवली तर दंड चुकवायला नाव न नोंदवणे पुरते. टक्का फुगतो, मतदार वाढत नाहीत. ऑस्ट्रेलियाने नोंदणी १९११ मध्ये सक्तीची केली, मतदान १९२४ मध्ये. १९२२ ला साठ टक्क्यांच्या आत असलेले मतदान १९२५ ला नव्वदच्या वर गेले.

दंडाचे कलम नीट वाचा. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय निवडणुकीला गैरहजर राहिल्यास आधी कारण विचारतात. ते पटले नाही तर २० डॉलर. सिंगापुरात नाव यादीतून निघते आणि ते परत घालायला अर्ज करावा लागतो. मतदार वाढवण्यासाठी केलेल्या कायद्याने मतदारच वगळावा, ही आमच्या मते सर्वांत वाईट शिक्षा.

सर्वांत जास्त वेळ बाद मतांना द्या. कोरी, मुद्दाम खोडलेली आणि चुकून बाद झालेली, असे तीन ढीग वेगळे करा. पहिले दोन वाढले तर ती नाराजी. तिसरा वाढला तर दोष मतपत्रिकेचा. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहासाठी (संसदेचे कनिष्ठ सभागृह) उमेदवारांच्या नावांसमोर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहावा लागतो, आणि ३ हा आकडा दोनदा पडला की मत बाद. कंटाळलेला मतदार वरून खाली १, २, ३ भरत जातो, म्हणजे पहिल्या नावाला फुकटची मते. टास्मानिया या ऑस्ट्रेलियाच्या राज्यात यावर उपाय म्हणून वेगवेगळ्या मतपत्रिकांवर नावांचा क्रम फिरवतात.

सरकारने आपली बाजू सांभाळली आहे का, हेही पाहा: सुटीच्या दिवशी मतदान, टपाली मत, आगाऊ मतदान. हे नसताना लावलेला दंड रोजंदारीवाल्याच्याच खिशातून जातो.

शेवटी सक्ती उठल्यावर कोण गळले ते तपासा. नेदरलँड्सने १९७० मध्ये ती काढली. संसदेसाठीचे मतदान १९६७ च्या सुमारे ९५ टक्क्यांवरून १९७१ ला ७९ वर आले. अशा वेळी एकूण घट पाहून थांबू नका. शिक्षण, उत्पन्न आणि वय यांनुसार ती फोडून बघा.