कॅराव्हॅनसाठी बॅटरी घेताना या चुका टाळा

गाडी सुरू करायची बॅटरी कॅराव्हॅनमध्ये लावू नका. दर मे महिन्यात मी हे कुणाला तरी सांगतो आणि दर मे महिन्यात कुणीतरी तीच लावून समुद्रावर येतो.

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा कुंभार्ली घाट उतरून गुहागरला आला. गाडीमागे दोन माणसांची नवीकोरी कॅराव्हॅन, आत ट्रकची बॅटरी. इन्व्हर्टरच्या बॅटरीपेक्षा स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली. पहिली रात्र निभावली. दुसऱ्या रात्री दोन वाजता फ्रिज बंद पडला, मग पंखा. सकाळी आदल्या दिवशीची सुरमई टाकून द्यावी लागली. "मामा, बॅटरी नवीन आहे हो!" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मीटर लावला तर ११.३ व्होल्ट. म्हणजे पार रिकामी.

असल्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात. चार सेकंद भरपूर करंट द्यायचा आणि लगेच अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या वीज बनवणाऱ्या यंत्राकडून, भरून घ्यायचं, एवढ्यासाठीच ती बनलेली असते. रात्ररात्र उपसली की प्लेटांवरचा थर झडायला लागतो. भाच्याची बॅटरी दिवाळीपर्यंतही टिकली नाही. स्वस्त म्हणून घेतली आणि पैसे दोनदा गेले.

दुसरी चूक म्हणजे हिशोब न करता "१०० अँपियरची पुरेल का?" असं विचारणं. आधी कागद घ्या. छोटा बारा व्होल्टचा फ्रिज चालू असताना साधारण ५० वॅट खातो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तो अर्धा दिवस तरी चालूच असतो. वॅटला तासांनी गुणलं की वॅट-अवर, म्हणजे झाले ६०० वॅट-अवर. ३० वॅटचा पंखा दहा तास चालला की ३००. दिवे, मोबाइल धरून १००. एका दिवसाचे हजार.

आता १५० अँपियर-अवरची ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती लेड-ॲसिड बॅटरी, कागदावर (१५० गुणिले १२ व्होल्ट) १८०० वॅट-अवरची दिसते, पण ती टिकवायची तर निम्मीच वापरायची. हातात राहतात ९००. वजन पन्नास किलोच्या वर. शिवाय चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, त्यामुळे बाहेर हवा जाणाऱ्या बंद पेटीशिवाय पलंगाखाली ठेवूच नका. छोट्या कॅराव्हॅनला मी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीच घ्यायला सांगतो. १०० अँपियर-अवरची साधारण बारा किलोची असते आणि तिच्यातले हजार वॅट-अवर बिनघोर वापरता येतात. महाग आहे, पण घाट चढताना मागे तेवढं ओझं कमी. मात्र तिला तिचाच चार्जर हवा, आणि गाडीच्या अल्टरनेटरला थेट तार जोडायची नाही. मध्ये डीसी टू डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटरची वीज या बॅटरीला चालेल अशी करून देणारा डबा, लागतोच.

हजार वॅट-अवर रोज परत भरायलाही हवेत. लोक सुरूच्या बनात सावली बघून कॅराव्हॅन लावतात, सोलर पॅनेल टपावर, आणि चार्ज होत नाही म्हणून बॅटरीला दोष देतात. पॅनेलच्या कोपऱ्यावर एका फांदीची सावली पडली तरी वीज धाडकन कमी होते. मी कॅराव्हॅन सावलीत लावतो आणि सुटं पॅनेल जाड तारेने उन्हात नेऊन ठेवतो. दुपारी एकदा उठून फिरवतो. एवढाही कंटाळा असेल तर फ्रिज नेऊ नका.

जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडू नका. प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. खाऱ्या हवेत टर्मिनलवर हिरवट-पांढरी खपली धरते. मी प्रत्येक फेरीनंतर टर्मिनल पुसून पेट्रोलियम जेली लावतो, आणि तार घेताना कलई केलेल्या तांब्याचीच घेतो.

लिथियमचे व्होल्ट बघून ती किती उरली ते कळत नाही. संपत येईपर्यंत ती तेरा व्होल्टच्या आसपासच दाखवते. म्हणून शंटवाला मीटर, म्हणजे बॅटरीत किती करंट गेला-आला ते मोजणारा, बसवा, आणि पहिल्या फेरीआधी एक रात्र अंगणातच कॅराव्हॅनमध्ये झोपा. फ्रिज, पंखा सगळं चालू ठेवा. सकाळी मीटरवरचा आकडा वहीत लिहा आणि मगच समुद्रावर किती रात्री राहायचं ते ठरवा.