सोलापूरहून विमानाने किती वेळ लागेल? आधी हे गणित करा

तिकिटावर दिसतो तो फक्त विमानाचा वेळ. घरापासून मुक्कामापर्यंतचा हिशेब आपणच घालायचा असतो.

१. गूगल मॅप्सवर होटगी रोडच्या विमानतळावर बोट दाबून धरा, ‘अंतर मोजा’ निवडा आणि रेघ दुसऱ्या विमानतळापर्यंत ओढा. गोव्यातलं मोपा सरळ रेषेत साधारण ३०० किमी भरतं, मुंबई ३६०.

२. एटीआरसारखं पंख्याचं विमान ताशी ५०० किमीच्या आसपास जातं. म्हणजे मोप्याला ३६ मिनिटं. त्यात धावपट्टी, चढण-उतरणीचा अर्धा तास मिळवा : सव्वा तासाच्या आत.

३. आता खरी बेरीज. देशांतर्गत काउंटर बहुधा तासभर आधी बंद होतो, म्हणून दीड-दोन तास आधी पोचा. शहरातून होटगी रोड जवळच आहे, तिथे वेळ जात नाही. जातो तो उतरल्यावर. मोपा पेडण्यात आहे. मडगावला जायचं तर पुढे तास-दीड तासाचा रस्ता धरा. मुंबईला जाणाऱ्यांनी हीच बेरीज वंदे भारतच्या साडेसहा तासांशी ताडून पाहावी.

एक सांभाळा : गोव्यात विमानतळ दोन आहेत. परतीचं तिकीट मोप्याचं की दाबोळीचं, हे पैसे भरण्याआधी नीट वाचा.