घर आणि दुकानासाठी स्वस्त लॅपटॉप कसा पारखावा

तीस-चाळीस हजारांच्या लॅपटॉपमध्ये कंपनीने कुठे ना कुठे हात आखडता घेतलेला असतोच. तो नंतर सुधारता येईल अशा जागी घेतला आहे की कायमचा, हे पैसे मोजण्याआधी ओळखावे. फाइली साठवणारी एसएसडी पुढे बदलता येते. बोर्डावर सोल्डर केलेली (डाग देऊन कायमची जोडलेली) रॅम म्हणजे चालू कामांची तात्पुरती मेमरी, पडदा आणि कीबोर्ड मात्र शेवटपर्यंत आहे तसेच वापरावे लागतात.

म्हणून सुरुवात रॅमपासून करावी. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीची असली, तरी टॅली, जीएसटी पोर्टल आणि मुलांचा ऑनलाइन अभ्यास एकाच यंत्रावर चालवायचा असेल, तर ८ जीबीच्या खाली उतरू नये. दुकानातील नमुन्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा व परफॉर्मन्स विभागात मेमरी पाहावी. फॉर्म फॅक्टरपुढे ‘सोडिम’ असेल, तर रॅम स्लॉटमध्ये आहे. ‘रो ऑफ चिप्स’ दिसले, तर ती बहुधा सोल्डर केलेली आहे आणि मग थोडे जास्त मोजून १६ जीबीचे मॉडेल घेणेच शहाणपणाचे.

प्रोसेसरच्या नावातील ‘रायझन ५’ पाहून हुरळून जाऊ नये. ७५२०यू आणि ७५३०यू यांत फरक एका अंकाचा दिसतो. पण तो तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो. पहिल्यात २०१९ साली आलेली झेन २ रचना आणि चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, तर दुसऱ्यात झेन ३ आणि सहा. विक्रेता हे आपणहून क्वचितच सांगतो.

एसएसडीऐवजी ईएमएमसी ही स्वस्त, संथ साठवण असलेले मॉडेल सरळ सोडून द्यावे. पडदा १९२०×१०८० चा असावा, आणि त्यावर एक्सेलचा तक्ता उघडून तो बाजूनेही पाहावा, कारण काउंटरपलीकडच्या गिऱ्हाइकाला हिशेब दाखवताना टीएन या स्वस्त प्रकारच्या पॅनेलवरचे रंग फिके पडतात. डिजिटल सहीचे टोकन आणि प्रिंटर यांसाठी जुन्या पद्धतीचे, रुंद आयताकृती (यूएसबी-ए) दोन पोर्ट आहेत का, तेही मोजावे.

व्यवसायासाठी खरेदी असेल, तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. नियमित करदात्याला १८ टक्के कराचे क्रेडिट (भरायच्या करातून वजावट) मिळू शकते, कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ते मिळत नाही. वॉरंटी घरपोच सेवेची आहे की यंत्र सेवा केंद्रात न्यावे लागेल, हे लेखी पाहावे आणि खोक्यावरचा सिरीयल क्रमांक बिलाशी जुळवूनच दुकान सोडावे.