परसात कोंबड्या पाळताय? निदान या चुका तरी टाळा

मुलांना सुट्टी लागली की मुलुंडपासून वसई-विरारपर्यंत, घरामागे जरा मोकळी जागा असलेल्या प्रत्येकाला कोंबड्या पाळायची हुक्की येते. बाजारातून गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं येतात. त्यांत बहुतेक नर असतात, अंडी देणाऱ्या जातींच्या हॅचऱ्यांना नको झालेले, हे कुणी विचारत नाही. रंग उतरायच्या आत निम्मी गचकतात आणि मग मला फोन.

मुळात मे महिन्यात पिल्लं घेऊच नका. रक्ती हगवणीचा धोका सर्वांत जास्त असतो तो साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात. मेच्या मध्याला आणलेल्या पिल्लांचे नेमके तेच आठवडे मृगाच्या पावसात सापडतात. त्या जंतूंना ओल आणि ऊब लागते, आणि मुंबईचा जून दोन्ही फुकट पुरवतो. दसऱ्यानंतर घ्या. तेवढं थांबवत नसेल तर मासे पाळा.

दहिसरच्या एका गृहस्थांनी पाऊस आत येऊ नये म्हणून खुराडं चारी बाजूंनी ताडपत्रीने गच्च आवळलं होतं. "बघा, एक थेंब आत नाही!" थेंब नव्हता खरा, पण ताडपत्री उचलताच अमोनियाच्या भपक्याने डोळ्यांतून पाणी आलं. खाली अंथरलेल्या भुशावर ओला पापुद्रा धरलेला. पिल्लं पंख सोडून, पिसं फुलवून कोपऱ्यात गोळा झालेली, विष्ठेत रक्त. आणि हे गृहस्थ व्हिडिओ बघून हळदीचं पाणी पाजत बसलेले! पशुवैद्याने पाण्यातून अँप्रोलियम, म्हणजे रक्ती हगवणीवरचं औषध, द्यायला सांगितलं. ज्यांच्यात पाणी प्यायची ताकद उरली होती ती वाचली, बाकीची गेली.

खुराड्यातली ओल फक्त छपरातून येत नाही. विष्ठा, सांडलेलं पाणी, कोंबड्यांचा श्वास, सगळ्यांतून येते आणि तिला बाहेर जायला वाट लागते. छप्पर हातभर पुढे काढा आणि भिंतीच्या वरच्या अंगाला वीतभर पट्टी नुसत्या जाळीची सोडा. मी सकाळी चहाच्या आधी भुसा खुरप्याने उलथतो. मूठभर घेऊन दाबायचा. लाडू वळला तर बदलायचा, मूठ सोडल्यावर मोकळा झाला तर चालेल. यापेक्षा मोठं शास्त्र मला लागलेलं नाही.

आता जाळी. ती पातळ षटकोनी जाळी कोंबडी पळू नये एवढ्यापुरतीच. गटारातली घूस खालून उकरून येते, मुंगूस सैल तार सारून शिरतं आणि मांजर तर आत येतही नाही, जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीला पंजा घालून ओढतं. सकाळी जाळीला चिकटलेली पिसं बघून लोक म्हणतात, "भाऊ, कुलूप तर लावलं होतं!" अर्धा इंची वेल्डेड जाळी घ्या, महाग पडली तरी. बसायची दांडी जाळीपासून हातभर आत घ्या आणि खुराड्याभोवती लाद्या बसवा. बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या कडेला राहत असाल तर बिबट्या धरून चाला. तिथे रात्री पक्क्या भिंतींची खोलीच हवी.

शिळा भात आणि पोळी म्हणजे खाद्य नव्हे. अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना लेयर मॅश, म्हणजे त्यांच्यासाठीचं तयार खाद्य, द्या, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. पावसाळ्यात खाद्याला बुरशीचा वास आला तर टाकून द्या, उन्हात वाळवून विष जात नाही.

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. पहाटे चारला तो आरवला की शेजारी तुमच्याकडे येणार, माझ्याकडे नव्हे.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लासोटा लस पहिल्या आठवड्यात हवीच. चार पिल्लांसाठी शंभर डोसांची कुपी कोण घेणार, म्हणून लोक टाळतात. आसपासच्या पाळणाऱ्यांशी बोलून एकच दिवस ठरवा, कुपी बर्फात आणा आणि विरघळवल्यावर दोनेक तासांत संपवा. उरलेली उद्यासाठी फ्रीजमध्ये ठेवणारे महाभाग आहेत. उद्या ते नुसतं पाणी असतं.