वाटणीचा दावा लावायचाय? आधी समोरच्याचा आजचा पत्ता काढा

जमीन सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात असेल तर दावा विट्याच्या कोर्टात. भाऊबंद गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात कोइमतूरला असोत नाहीतर पाटण्याला, जमीन जिथं आहे तिथलंच कोर्ट. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १६ तेच सांगतं. जमिनीचे काही गट विट्याकडे, काही तासगावकडे असतील तरी दोन दावे लावू नका. कलम १७ प्रमाणे दोन्हींपैकी एका कोर्टात एकच दावा चालतो. दाव्याचं मूल्यांकन आणि दावा कनिष्ठ स्तर न्यायाधीशाकडे की वरिष्ठ स्तर, हे वकिलावर सोडा. सातबारा, आठ अ, फेरफार ताजे काढा. गट नंबर आणि चतुःसीमा स्वतः ताडून बघा.

आता पत्ता. जमीन जागची हलत नाही, माणूस हलतो. त्याला समन्स, म्हणजे कोर्टाचं बोलावणं, रीतसर बजावल्याशिवाय कोर्टाचा हुकूम त्याच्यावर टिकत नाही. माझ्या दाव्यात मी चुलतभावाचा गावाकडचाच पत्ता दिला, कारण सातबाऱ्यावर नाव गावचं आणि घरही गावात. तो वीस वर्षं कोइमतूरला राहतोय हे मला माहीत होतं, तरीही मी तेवढं लिहिलं नाही. बेलीफ, म्हणजे समन्स पोचवणारा कोर्टाचा माणूस, आला, दाराला गंजलेलं कुलूप बघितलं, समन्स चौकटीशेजारी डकवलं, पंचाची सही घेतली आणि गेला. पुढच्या पावसात त्या कागदाचा लगदा होऊन उंबऱ्यावर पडलेला मी स्वतः पाहिला. भाऊ हजर नसतानाच एकतर्फी हुकूम झाला, घरात पेढे वाटले. मग भाऊ कोइमतूरचं लाइटबिल आणि रेशनकार्ड घेऊन आला. समन्स रीतसर बजावलंच नव्हतं, म्हणून हुकूम रद्द झाला. तीन वर्षं गेली. आई त्याच काळात वारली, तिला तिचा हिस्सा बघायला मिळाला नाही.

म्हणून सध्याचा पत्ता. पिनकोडसकट, दुकानाचा वेगळा, घराचा वेगळा. गावाकडचा द्या, पण तेवढाच देऊ नका. कुणाला तरी फोन करून माणूस आज तिथं राहतो का ते विचारा. समन्स त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या सज्ञान माणसानं घेतलं तर चालतं, बाईनं घेतलं तरी चालतं. नोकरानं घेतलेलं चालत नाही, दुकानातल्या पोराच्या हातात देऊन येऊ नका. बेलीफासोबत घर दाखवायला आपलं माणूस पाठवा. वर्तमानपत्रात जाहीर समन्स देण्याचा मार्ग आहे, पण तो कोर्टानं परवानगी दिली तरच, आणि शोधूनही माणूस सापडत नाही हे आधी पटवावं लागतं. पत्ता माहीत असताना तिकडं वळू नका.

सगळे हिस्सेदार धरा. बहिणी पण, लग्न झालेल्या पण. कुणी मयत असेल तर त्याचे वारस धरा. मयताच्या नावावर लावलेला दावा त्याच्यापुरता उभाच राहत नाही. दावा चालू असताना कुणी वारलं तर त्याचे वारस दाव्यात आणायला ९० दिवस, लगेच वकिलाला कळवा. आणि प्रत्येक वारसाचा पत्ता. सध्याचा.

दाव्याच्या प्रती प्रतिवादी असतील तेवढ्या. समन्स बजावण्याची प्रोसेस फी भरा, पावती ठेवा. समन्स बजावणीविना परत आलं तर ७ दिवसांत नव्या समन्सचा अर्ज करा, नाहीतर दावा फेटाळला जाऊ शकतो. बजावलं की समोरच्याला म्हणणं मांडायला ३० दिवस, कोर्ट ते ९० पर्यंत वाढवू शकतं. मध्येच कुणी जमीन विकू नये म्हणून विक्रीला मनाईचा अर्ज टाका.

बेलीफाचा अहवाल आला की स्वतः वाचा, वकिलावर सोडू नका. त्यात घर कुठलं लिहिलंय, समन्स कुणी घेतलं आणि तो माणूस तिथं खरंच राहतो का, हे तारखेच्या आधी तपासा.