लाईन आली, पण सर्व्हर अर्ध्यातच अडकला

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या ऑफिसात किंवा तालुक्याच्या पतसंस्थेत लाईन जाते-येते, आणि एखाद्या सकाळी लिनक्सचा सर्व्हर चालू होता होता थबकतो. 'बटण दाबून धरा, बंद करून परत चालू करा' म्हणणारा एक तरी भाऊ तिथे असतोच. त्याला चहा सांगायला पाठवा.

स्क्रीन आणि कीबोर्ड थेट जोडा. ग्रबच्या (सर्व्हर सुरू होताना आधी येणाऱ्या बूट प्रोग्रॅमच्या) मेनूत 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीतले 'क्वाएट', 'स्प्लॅश', 'आरएचजीबी' यांपैकी जे असतील ते शब्द काढा आणि कंट्रोल-एक्स दाबा. आता सर्व्हर काय करतोय ते दिसेल.

बहुतेक वेळा 'ए स्टार्ट जॉब इज रनिंग' अशी ओळ आणि पुढे सरकणारे सेकंद दिसतात. सर्व्हर मेलेला नाही, डिस्कची वाट पाहतोय. साधारण दीड मिनिट थांबून तो इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीपुरता चालणाऱ्या अवस्थेत) जातो आणि रूटचा, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनचा, पासवर्ड मागतो. या काळ्या स्क्रीनला घाबरून लोक सगळं नव्याने इन्स्टॉल करतात. मलाही या टप्प्याने पुष्कळ छळलंय, म्हणून ठासून सांगतो: हात आवरा, पासवर्ड द्या आणि जोडलेल्या डिस्कांची यादी देणारी 'बीएलकेआयडी' कमांड चालवा. त्यात दिसणारे यूयूआयडी (प्रत्येक डिस्कचा ओळख क्रमांक) ईटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅब फाइलशी ताडून पाहा; सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते या फाइलीत असतं. फाइलीत आहे पण यादीत नाही, अशी डिस्क सापडली की चोर सापडला. बॅकअपची यूएसबी डिस्क कुणीतरी घरी नेलेली असते, नाहीतर केबल सैल असते.

एफएसटॅबमधल्या बॅकअपच्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) लिहा. फाइल सेव्ह होत नसेल, तर आधी रूट फाइलसिस्टिम (सिस्टिमची मुख्य डिस्क) 'रीमाउंट,आरडब्ल्यू' करा, म्हणजे लिहिता येईल अशी परत जोडा. शेवटी 'फाइंडएमएनटी' कमांड 'व्हेरिफाय' पर्यायाने चालवून फाइल तपासा.

पण सगळ्याच ओळींना 'नोफेल' लावून टाका, हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. डेटाबेसची डिस्क आली नाही, तरी सर्व्हर निमूट चालू होतो, आणि सॉफ्टवेअर तिच्या जागच्या रिकाम्या फोल्डरात नोंदी लिहू लागू शकतं. पुढे डिस्क जोडली की त्या नोंदी तिच्याखाली झाकल्या जातात. पतसंस्थेत दिवसभराच्या पावत्या अशा गायब झाल्या, तर सभासदांना काय सांगणार? ती डिस्क नसेल तर सर्व्हर अडकलेलाच बरा.

स्क्रीनवर एफएससीके (डिस्कची तपासणी-दुरुस्ती) चालू असेल तर चालू द्या, मध्ये लाईन जाणार नाही एवढं बघा. माउंट असलेल्या, म्हणजे जोडून वापरात असलेल्या, डिस्कवर ते हाताने कधीच चालवू नका. डिस्कवर एक्सएफएस ही फाइलसिस्टिम असेल तर एक्सएफएस-रिपेअर वापरा, पण 'कॅपिटल एल' पर्याय अगदी शेवटी: तो लॉग (बदलांची कच्ची नोंद) पुसतो, आणि त्यातून डिस्कवर अजून न उतरलेले बदल जातात.

दर वेळी तारीख मागे जात असेल आणि एफएससीके 'शेवटचं माउंट भविष्यातलं आहे' म्हणत असेल, तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. बहुतेक बोर्डांवर तो सीआर२०३२ असतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो.